लांबी ओली आहे तोवर

लांबी म्हटलं की लोकांना लांबी-रुंदी आठवते. माझी लांबी वेगळी. लाकडी खिडकीत काच बसवल्यावर तिच्या कडेनं जो पांढरा मसाला भरतात, त्याला आमच्या धंद्यात लांबी म्हणतात. माझा सगळा जन्म ती मळण्यात आणि भरण्यात गेला.

परवा माझ्या दिराच्या मुलानं आमच्या काष्टीच्या घराला ॲल्युमिनियमची नवी खिडकी बसवली. बंदुकीसारख्या यंत्रात त्यानं एक नळी अडकवली, चौकटीभोवती रेघ ओढली, बोटानं सारखी केली आणि हात पुसत म्हणाला, "काकू, उद्या सकाळपर्यंत हात लावू नका, मग काही बघायला नको." इतक्या लवकर वाळतं का, असं मी विचारलं, तर तो हसला. गिऱ्हाइकांना तेवढाही उशीर सोसत नाही म्हणाला. तो गेला आणि मी त्या खिडकीपाशी बसून राहिले. त्या नळीला नावं ठेवायला बसले नव्हते. काम चांगलंच झालं होतं. पण एका रात्रीत वाळणाऱ्या त्या रेघेकडे बघताना मला राहुरीचं ते दुष्काळाचं साल आठवलं, आणि आमचे मालक आठवले. मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी आता म्हातारी झाले, ते जाऊनही बरीच वर्षं झाली, तरी लेखणीतून नाव उतरत नाही. तेव्हा मालकच म्हणते.

आधी लांबीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. खडूची भुकटी वस्त्रगाळ करायची आणि तीत जवसाचं तेल थोडं थोडं घालत मळायचं. भाकरीच्या पिठासारखं मळून भागत नाही, पुरणपोळीच्या कणकेसारखं तिंबावं लागतं. तेलं दोन. एक घाण्याचं कच्चं आणि दुसरं उकळलेलं, त्याला रंगारी बेलतेल म्हणतात. नुसत्या बेलतेलाची लांबी लवकर घट्ट होते, पण पुढं तडकते. नुसत्या कच्च्या तेलाची मऊ राहते, पण वाळता वाळत नाही. दोन्हींचा मेळ हातालाच कळतो. चौकटीची खाचही आधी तेल पाजून घ्यायची, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं सगळं तेल पिऊन टाकतं आणि वर्षभरात लांबीचा चुरा हातात येतो.

खरी गंमत वाळण्याची. धुणं वाळतं तशी लांबी वाळत नाही. धुण्यातलं पाणी उडून जातं, लांबीतलं तेल कुठंच जात नाही. ते जागच्या जागी हवेनं घट्ट होत जातं, वरून आत. दुधावर साय धरावी तशी तिच्यावर आधी पापडी धरते आणि आत लोण्यासारखी मऊच असते. उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस, थंडीत त्याहून जास्त, पावसाळ्यात तर विचारूच नका. घाई करून वर रंग दिला की रंगाला सुरकुत्या पडतात आणि मग भेगा. म्हणून अंगठा टेकवून बघायचं. अंगठा चिकटला नाही आणि ठसाही उमटला नाही, की मग ब्रश हातात घ्यायचा. तोवर नुसतं थांबायचं. आमच्या धंद्यातलं अर्धं काम थांबण्याचंच होतं.

मी लग्न होऊन काष्टीला आले तेव्हा मालक सुतारकाम सोडून काचांच्या कामाला लागले होते. हिऱ्याच्या पेननं काच कापायची त्यांची तऱ्हा अशी होती की कागद फाडावा तसा एकच आवाज व्हायचा. घरी सासूबाई, दीर, जाऊ आणि थोडी जिरायत शेती. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. सासरे पलटणीत होते, ते मी यायच्या आधीच वारले. अशा भरल्या घरात नवऱ्याशी बोलणं म्हणजे "जेवायला वाढू का" आणि "पाणी तापलंय" एवढंच. तेही आत्याबाई समोर नसताना. चार वर्षं गेली आणि मला मूल झालं नाही. घरात कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण बाजारच्या दिवशी भेटणाऱ्या बायका आधी माझ्या पोटाकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे.

त्या सुमाराला राहुरीजवळ नवीन वसाहत उठत होती. एकाच नमुन्याची घरं, ओळीनं, आणि प्रत्येक घराला लाकडी खिडक्या. काचा बसवून चौकटी रंगवायचं काम मालकांना मिळालं. लांबी मळायला माणूस हवा, म्हणून त्यांनी आत्याबाईंकडे मला मागून घेतलं. पाऊस नव्हता, शेतात काम नव्हतं, घरची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. घरातलं एक तोंड कमी होतंय म्हणून असेल, आत्याबाईंनी हो म्हटलं.

वसाहतीच्या कडेला पत्र्याची एक खोली आम्हाला मिळाली. तीन दगडांची चूल, एक रांजण, काचांची खोकी आणि जवसाच्या तेलाचा वास. त्या वासानं कुणाला मळमळतं. मला अजूनही तो कुठून आला की पाय थांबतात.

काम सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि मालकांचा हात कापला. मोठी काच उचलून नेताना वाऱ्याची वावटळ आली, काच हातातच तडकली आणि उजव्या तळव्यात शिरली. राहुरीच्या डॉक्टरांनी टाके घातले, जखम भरली, पण दोन बोटं मिटेनात. काच धरता यायची, पण लांबी दाबून पट्टीनं तासायची तर मुठीत जोर लागतो, तो गेला. कामावर देखरेख करणारा ओव्हरसियर भला माणूस होता, पण कामाला बांधलेला. तो म्हणाला, "मी नगरहून दुसरा माणूस बोलावतो. तू हात बरा कर आणि ये." हात बरा होणार नव्हता, हे तिघांनाही दिसत होतं. मालक खाली मान घालून उभे होते. मीच बोलले. म्हटलं, "साहेब, यांनी आतून काच धरली तर बाहेरून लांबी मी भरते."

तो म्हणाला, बाई शिडीवर चढली तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, खाली उतरले की ऐकीन काय म्हणतात ते. नगरचा माणूस यायला वेळ लागणार होता म्हणून असेल, त्यानं एक घर करून दाखवा म्हणून सांगितलं. तोवर मी पाचवारी नेसायचे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गवंडणीचं नऊवारी मागून घेतलं, कासोटा घट्ट खोचला आणि शिडी चढले. पहिली चौकट ओबडधोबड झाली. मालकांनी ती डाव्या हातानं खरवडून काढली आणि परत भरायला लावली. तिसरी त्यांनी खरवडली नाही. ओव्हरसियरनं घर बघितलं, एका कोपऱ्यात पट्टी नीट फिरव म्हणाला आणि निघून गेला. नगरचा माणूस आलाच नाही.

तेव्हापासून आमचं काम असं चालायचं. ते खोलीच्या आत, मी बाहेर शिडीवर, मध्ये काच. ते दोन्ही तळहातांनी काच दाबून धरायचे. मी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायचे, मग लांबीची वळी अंगठ्यानं दाबत न्यायचे आणि पट्टीनं तिरकी तासायचे. पुऱ्या बसलेल्या काचेतून आवाज येत नाही. जरा वर, जरा खाली, झालं, सोडा, हे सगळं ओठांवरून आणि भुवयांवरून समजून घ्यायचं. घरात चार वर्षांत मी त्यांचा चेहरा इतक्या जवळून, इतका वेळ, उजेडात बघितला नव्हता. त्यांच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता, तो मला तिथं कळला. एकदा माझ्या नाकाला लांबी लागली होती आणि ते आतून सांगत होते, मला कळत नव्हतं. शेवटी त्यांनी स्वतःच्याच नाकाला बोट लावलं आणि हसले. ते घरी असे कधी हसले नव्हते.

काचा झाल्या की थांबायचं. पण थांबणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे, राखण. त्या साली पाखरांना दाणा नव्हता. जवसाच्या वासानं चिमण्या आणि साळुंक्या यायच्या आणि ओली लांबी टोचून टोचून खायच्या. एका सकाळी बघितलं तर अख्ख्या ओळीच्या खालच्या कडा कुरतडलेल्या. शेळ्या मागचे पाय रोवून उभ्या राहायच्या आणि चौकटी चाटायच्या. धुळीचा तर कहर. पांढरी लांबी दुपारपर्यंत मातकट व्हायची. एका घरात आधीच राहायला आलेला एक कंपाउंडर होता. तो रोज कामावर जाता-येता अंगठा दाबून "वाळली का" बघायचा, आणि त्याच्या बघण्यानंच ती वाळल्यावर वाकडी दिसायची. त्याच्या खिडक्या मी इतक्या वेळा परत तासल्या की शेवटी मालकांनी त्याला एक गोळा हातात दिला आणि सांगितलं, हा दाबा, हा वाळला की खिडकीही वाळली समजा. तो गोळा त्यानं मनापासून सांभाळला.

राखणीला बसलो की मालक बोलायचे. पहिल्यांदा आपणहून बोलायचे. लहानपणी नगरच्या बाजारात हरवले होते ते, वडील रजेवर यायचे तेव्हा बुटांचा आवाज कसा यायचा ते, काच कापायला शिकताना किती काचा फोडल्या ते. मीही बोलायचे. सकाळी भाकरी करताना, दुपारी चिमण्या हाकलताना, कशाला तरी सुरुवात व्हायची आणि दिवस मावळायचा. बाहेर माणसं पाण्यासाठी हंडे घेऊन वणवण फिरत होती आणि मी सुखात होते, हे लिहायला आजही जड जातं. पण तसं होतं.

मग काष्टीहून निरोप यायला लागले. गावचा एक ट्रकवाला राहुरीवरून जायचा, तो आणायचा. आत्याबाई विचारतायत, कधी येता. मालक सांगायचे, "सांग आईला, लांबी वली हाय अजून. वाळली की येतो." पहिल्यांदा ते खरंच होतं. दुसऱ्यांदा निम्मं खरं होतं. तिसऱ्यांदा निरोप आला तेव्हा पहिल्या दोन ओळींची लांबी इतकी कडक झाली होती की तिच्यावर नख चालेना. घाई कुणाला नव्हती, हेही खरं. पाण्यावाचून पुढच्या घरांचा गिलावा अडला होता आणि ओव्हरसियर रंगाचं नाव काढत नव्हता. तरी मी म्हटलं, "अहो, दगड झालीय की. रंग देऊन दोन दिवस जाऊन येऊ घरी."

"वरून झालीय. आतून कच्ची हाय," ते म्हणाले.

मला लांबी कळत होती. ती आतूनही वाळली होती. पण मी वाद घातला नाही. मला वाटलं, ह्यांना माझ्यासारखंच इथं राहावंसं वाटतंय. त्या दिवशी मी भाकरी थापताना मनातल्या मनात गाणं म्हणत होते.

आणि एका दुपारी आत्याबाईच आल्या. एस.टी.तून उतरून, उन्हातून चालत, डोक्यावर गाठोडं. मी शिडीवर होते आणि मालक आत काच धरून होते, त्यामुळे आम्हाला त्या दिसल्याच नाहीत. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. काच बसली, मी वळले, तर त्या समोरच्या ओट्यावर बसून आमच्याकडे बघत होत्या. माझा पाय शिडीवरून सटकायचा राहिला. सून कासोटा घालून शिडीवर, पदर कमरेला, नवऱ्याकडे बघून हसतेय. मला वाटलं, आता संपलं.

त्या उठून रांजणापाशी गेल्या. पाणी प्यायल्या. गाठोड्यातून भाकऱ्या आणि जवसाची चटणी काढली. मालकांचा हात हातात घेऊन, उलटा-सुलटा करून बघितला, न मिटणारी बोटं एकेक दाबून बघितली. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "ती वली लांबी कुठं हाय, दाव की मला."

मालक उठले नाहीत. मग मीच त्यांना पहिल्या ओळीकडे घेऊन गेले. मालक मागून आले. आत्याबाईंनी खिडकीला अंगठा लावला. खडी फोडून दगड झालेला अंगठा. जोर देऊन दाबला. सरकवला. परत दाबला. लांबीवर काही उमटलं नाही, उमटणार नव्हतंच. मग त्या वळल्या. लेकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत लेकाकडे. मालकांची नजर जमिनीवर.

"न्हाई रं लेका," आत्याबाई म्हणाल्या. "वली हाय अजून. चांगली वाळू दे. घाई न्हाई."

आणि गाठोडं उचलून संध्याकाळच्या गाडीला निघाल्या. मालक म्हणाले, सोडायला येतो. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, तू थांब, मंगल येईल.

स्टँडवर गाडी यायला वेळ होता. आम्ही लिंबाखाली बसलो. आत्याबाई रस्त्याकडे बघत बोलल्या. मिरजगावचं एक स्थळ होतं. पोरगी धडधाकट, घरचे तयार. मूल होत नाही म्हणून मालकांचं दुसरं लग्न करायचं आत्याबाईंनी ठरवत आणलं होतं. आम्ही राहुरीला निघायच्या आधीच त्यांनी ते मालकांना सांगितलं होतं. पोरगी बघायला ये, म्हणून ते निरोपावर निरोप होते. आणि दर निरोपाला लेकाचं उत्तर एकच, लांबी ओली आहे.

इतके दिवस ते हे मनात घेऊन माझ्यासमोर काच धरून उभे होते. मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

"आज मीच त्याला न्यायला आल्ते," आत्याबाई म्हणाल्या. "आता मिरजगावला सांगून टाकते, न्हाई जमायचं म्हणून."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला धरून बसवलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुमी दोघं त्या काचेतनं काय बोलत हुता गं?"

मला लाज वाटली. म्हटलं, "काय न्हाई आत्याबाई. जरा वर, जरा खाली. इतकंच."

त्यांनी गाठोड्याची गाठ सोडून परत बांधली. मग म्हणाल्या, "तुजा सासरा रजेवर यायचा. दारात बूट वाजले की मी आत पळायची. तो बाहेर बसायचा मान्सांत. रजा संपली की जायचा. मला तेवढं बी कुनी बोललं न्हाई बघ. जरा वर, जरा खाली."

गाडी आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. मागं वळून बघितलं नाही. त्यांना पदरानं तोंड पुसताना मी बघितलं, तेवढंच.

मला मूल झालं नाही, हे इथंच सांगून टाकते. आत्याबाईंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही आणि बाजारातल्या बायकांनाही काढू दिला नाही. शेवटच्या आजारपणात त्यांना माझ्याच हातचं पाणी लागायचं. आम्ही दोघांनी पुढं काष्टीत दुकान टाकलं. श्रीगोंद्यापासून कर्जतपर्यंतच्या किती शाळा, दवाखाने, बंगले केले त्याला गणती नाही. काम तसंच, ते आतून, मी बाहेरून. नंतर लाकडी चौकटी गेल्या, लोखंडी आल्या, मग ॲल्युमिनियम आलं आणि लांबीचं काम संपलं. मालक त्याच्या थोडं आधी गेले. आता रंगारी भिंतीला लावायला लांबीची तयार पिशवी आणतात, तिला तेलाचा वास नसतो. संध्याकाळी माणसं कामावरून घरी येतात ती वेळ मला अवघड जाते. बोलायला घरात पुष्कळ माणसं आहेत. पण "जरा वर" म्हणणारं कुणी नाही.

त्या दिवशी स्टँडवरून मी परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मालक पहिल्या ओळीतच उभे होते, आत्याबाईंनी जिथं अंगठा लावला त्या खिडकीपाशी. मला बघून त्यांनी विचारलं, गाडी मिळाली का. मिळाली म्हटलं. आई आणखी काही म्हणाली का, असं ते विचारणार हे मला दिसत होतं, पण त्यांना विचारता येईना. दुसरीकडे बघत ते म्हणाले, "उद्यापासून रंगाला हात घालू. लई दिवस झालं."

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खिडकीवर अंगठा टेकवला. दगड होता.

"राहू द्या," मी म्हटलं. "वली हाय अजून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मध्ये काच नव्हती, तरी ते काही बोलले नाहीत आणि मला सगळं ऐकू आलं.